रिटायरमेंटचा पैसा कुठं लावला, कसा पुरतोय? सांगली-मिरजकरांनो, अनुभव लिहा

फंड-ग्रॅच्युइटीची रक्कम खात्यावर पडायच्या आधीच घरात तिचे वाटे पडलेले असतात. मुलाचा फ्लॅट, मुलीचं लग्न, मळ्यातलं बोअर. आमच्याकडं यंदा दोघं निवृत्त होताहेत आणि हेच चाललंय. शेअरच्या टिपा नकोत. तुम्ही काय केलं आणि महिन्याला हातात काय पडतं, तेवढं लिहा. पतसंस्था-बँकांची नावं घेऊ नका, उगाच वाद होतात.

विश्रामबाग, निवृत्त शिक्षिका

मला जुनी पेन्शन आहे, म्हणजे शेवटच्या पगारावर ठरणारी, त्यामुळं माझं गणित सोपं. ग्रॅच्युइटीतले १५ लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. खातं उघडलं तेव्हा दर ८.२ टक्के होता आणि उघडताना जो दर, तोच पुढं पाच वर्षं. दर तिमाहीला ३०,७५० रुपये. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारीच्या एक तारखेला व्याज पडतं. ते उचललं नाही तर त्यावर पुन्हा व्याज मिळत नाही, म्हणून बचत खात्याला जोडून घ्या. २०२३ पासून मर्यादा ३० लाख आहे. मुलगा म्हणाला, आणखी घाल. मी घातले नाहीत. पाच वर्षं सगळंच अडकवून ठेवायचं आणि दवाखान्यासाठी मोडायला गेलं की कापून घ्यायचे, हे मला पटत नाही.

पलूस, कारखान्यातला निवृत्त फिटर

मॅडम, तुमचं बरं हाय. आमची ईपीएस-९५, म्हणजे फंड खात्याकडनं मिळणारी कामगारांची पेन्शन. उभा जन्म भट्टीपुढं गेला आणि पेन्शन तीन हजाराच्या आत. किमान पेन्शन २०१४ पासून हजार रुपये हाय ती तेवढीच. लोक म्हणायचे, तुला काय, दीड एकर ऊस हाय की. ऊस पैसे देतो, पण त्याच्या सवडीनं. किराणावाला दर महिन्याला मागतो.

म्हणून फंडाचे पैसे आले तसे आधी महिन्याचं बघितलं. पोस्टाची मासिक प्राप्ती योजना, मी आणि मंडळी दोघांच्या नावानं १५ लाख. एकट्याच्या नावानं नऊच ठेवता येतात. ७.४ टक्क्यांनी महिन्याला ९,२५० येतात. पोरगं ट्रॅक्टर मागत होतं, दोन महिने घरात अबोला. मी म्हटलं, ट्रॅक्टरचा हप्ता ट्रॅक्टरनं फेडायचा, माझ्या फंडानं न्हवं. घेतला त्यानं कर्ज काढून, भाड्यानं चालवतोय, चाललंय झकास. एक बारकी गोष्ट: पोस्टात आमच्या मंडळींचा अंगठा लवकर उमटत नव्हता, खुरप्यानं रेघा झिजल्यात. पैसे टाकायच्या आधी तिची सही गिरवून घेतली. उद्या मी नसलो तर काउंटरवर तिलाच उभं राहायचंय.

तासगाव, बेदाणा व्यवसाय

माझं नाही, सासऱ्यांचं सांगतो. बँकेपेक्षा दोन टक्के जास्त आणि चेअरमन गावातला, एवढ्यावर अख्खी रक्कम एका पतसंस्थेत. संस्था बुडाली. पावत्या लॅमिनेट करून ठेवल्या होत्या, अजून चकचकीत आहेत. बँक सहकारी असली तरी प्रत्येक ठेवीदाराला व्याजासकट पाच लाखांपर्यंत विमा असतो. २०२० च्या आधी तो एकच लाख होता. पतसंस्थेला हा विमा लागूच नाही. आपल्या जिल्ह्यात दोन्हींच्या पाट्या सारख्याच दिसतात, त्यामुळं लोक फसतात. आम्ही आता एका बँकेत पाचच्या आत ठेवतो.

@तासगाव: दादा, पाचमध्ये व्याजही धरतात, म्हणून चार-सव्वाचारवरच थांबा.

इस्लामपूर, शिक्षक, नोकरी चालू

१ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांचं काय ते विचारू नका, आम्हाला जुनी पेन्शन नाही. ती मिळावी म्हणून झालेल्या मार्च २०२३ च्या संपात आम्हीही होतो. आमची एनपीएस, म्हणजे पगारातनं कापून बाजारात गुंतवलेली पेन्शन; तिच्यातली किमान ४० टक्के रक्कम अ‍ॅन्युइटीत जाणार, म्हणजे विमा कंपनीला देऊन तिच्याकडनं ठरलेली पेन्शन घ्यायची, आणि साध्या अ‍ॅन्युइटीला महागाई भत्ता नसतो. म्हणून वेगळं पीपीएफ (पोस्टा-बँकेतलं लांब मुदतीचं बचत खातं) आणि छोटी एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरलेली रक्कम). पगारवाढ झाली की एसआयपी वाढवतो, बायकोला कळायच्या आत.

गावभाग, गृहिणी

पैशाइतकंच कागदांचं बघा. २०१९ च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या कपाटाचा खालचा कप्पा पाण्यात. ह्यांची पासबुकं, पॉलिसी, घराचा उतारा सगळं नंतर बाजेवर पसरून पंख्याखाली वाळवलं. शाई पसरली ती पसरलीच. आता मूळ कागद लेकीकडं, विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर.

दुसरं, घर मुलाच्या नावे करायचा आग्रह झाला. वकिलांनी सांगितलं, बक्षीसपत्र केलंत तर घर आजच गेलं. मृत्युपत्र केलंत तर शेवटपर्यंत तुमचं. तरी बक्षीसपत्रच करायचं असेल तर ‘सांभाळ करीन’ ही अट दस्तातच लिहा, म्हणजे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं ते रद्द करून मागता येतं. मी मृत्युपत्र केलं. दोन साक्षीदार लागतात. दोघंही आपल्याहून लहान वयाचे घ्या. मुलगा आठवडाभर गप्प होता, मग आला चहाला.

मिरज, निवृत्त एसटी वाहक

पैशाचं सगळ्यांनी लिहिलं, दुपारचं कोण लिहिणार? निवृत्त झाल्यावर दुपारी एक ते चार घड्याळ हलत नाही. मी सतारमेकर गल्लीत जाऊन बसायला लागलो. ओळखीचा कारागीर भोपळा तासतो, मी चहा सांगतो. आता तो मला थोडंफार पॉलिशचं कामही देतो. पैसे मिळत नाहीत, पण बायको म्हणते, घरात कटकट कमी झाली. पंचाहत्तरी गाठली की एसटी फुकट, मग पंढरपूर.

मिरज, निवृत्त परिचारिका

काका, सत्तरी झाली असेल तर आधी आयुष्मान वयवंदना कार्ड काढून घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आहे, उत्पन्नाची अट नाही, दवाखान्याचा पाच लाखांपर्यंतचा खर्च सरकारी योजनेतनं होतो. जाताना आधार न्या आणि त्यावरची जन्मतारीख आधी तपासा. निम्मे लोक तिथंच परत फिरतात. ॲडमिट झालं तरच उपयोग. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या खिशातूनच, त्याचे पैसे मासिक खर्चात वेगळे धरा.