शब्दचर्चा : खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी ‘अ‍ॅग्रेसिव्ह’ आणि ‘कम्पॅटिबल’ला मराठीत काय म्हणावं?

पाटीलेखक

तालुक्याच्या गावातल्या एका रंगीत माशांच्या दुकानासाठी मराठी पाट्या करायच्या आहेत. टाकी सहा फूट लांब, दोन रुंद, दोन उंच, पाणी समुद्री. पुरवठादाराच्या यादीत निगर ट्रिगर, क्लाउन ट्रिगर, लायनफिश, स्नोफ्लेक मोरे (सापासारखा लांब मासा), एम्परर एंजल, पावडर ब्लू टँग, हार्लेक्विन टस्क आणि डॅम्सेल आहेत. प्रत्येकापुढे ‘अ‍ॅग्रेसिव्ह’ किंवा ‘सेमी-अ‍ॅग्रेसिव्ह’ लिहिलंय आणि शेवटच्या रकान्यात ‘कम्पॅटिबल’. शब्दकोशातून ‘आक्रमक’, ‘अर्ध-आक्रमक’ आणि ‘सुसंगत’ मिळाले. गिऱ्हाईक शेतकरी, शिक्षक, शाळकरी मुलं. त्यांना यातून नेमकं काय कळेल? आणि ‘खाऱ्या पाण्यातले मासे’ हे शीर्षक चालेल ना?

बोडीकाठ

‘आक्रमक’ चुकीचा नाही, पण तो पाटीवर काही कामाचाही नाही. इंग्रजीतला तो एक शब्द तीन वेगळ्या स्वभावांवर चिकटवलेला आहे, आणि नुकसान तिथंच होतं. मराठीत तिन्हींना आपापले शब्द आहेत, ते वापरा.

पहिला मारका. स्वतःहून दुसऱ्याच्या अंगावर जाणारा, पर चावणारा, जागा असो नसो. क्लाउन ट्रिगर या जातीचा. दहा सेंटिमीटरचा असताना गुमान राहतो म्हणून लोक फसतात. वाढला की टाकीतल्या जुन्या सोबत्यांवरच उलटू शकतो. समुद्रात तो अर्ध्या मीटरपर्यंत होतो. अनड्युलेटेड ट्रिगर त्याहून मारका, त्याला एकट्यालाच ठेवतात. निगर ट्रिगर आणि ब्लू-जॉ ट्रिगर एकाच कुळातले, तरी ‘मारका’ म्हणावं इतके नाहीत. पाटीवर नुसतं ‘ट्रिगर’ लिहून भागणार नाही, पूर्ण नाव हवं.

दुसरा धुरेकरी. शेताच्या धुऱ्यावरून भांडणारा शेजारी जसा स्वतःची हद्द सोडून गावभर भांडत फिरत नाही, तसाच हा मासा. डॅम्सेल चार-पाच इंचाची, पण तिनं धरलेल्या दगडाजवळ कुणाला येऊ देत नाही. पावडर ब्लू टँगचा राग मुख्यतः स्वतःच्या जातीवर आणि त्याच अंगाच्या, त्याच रंगाच्या टँगवर. त्याच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना धारदार काटा असतो, त्यानं दुसऱ्याचं अंग चिरलं जातं. धुरेकऱ्यावर उपाय आहे: नवीन मासा सोडायच्या आधी दगडांची रचना मोडून नव्यानं लावायची, म्हणजे जुन्याची हद्दच राहत नाही. मग दिवे बंद करून सोडायचं. मारक्यावर हा उपाय चालत नाही.

तिसरा गिळणारा. लायनफिश, गोब्रा म्हणजे ग्रुपर. हे कुणाशी भांडत नाहीत. तोंडात मावेल ते खातात, एवढंच. लायनफिश आपल्या निम्म्या लांबीचा मासाही गिळू शकते. तुमच्या यादीतली डॅम्सेल तिचं जेवण ठरेल. उलट लायनफिश स्वतः संथ, तिचे लांब पर ट्रिगर कुरतडतो. यादीत दोघांपुढेही ‘अ‍ॅग्रेसिव्ह’ असल्यानं माणूस दोघांना एकत्र आणतो आणि काही दिवसांत लायनफिशचे पर झडलेले दिसतात.

हार्लेक्विन टस्कचे निळे सुळे बाहेर दिसतात म्हणून लोक त्याला फार भांडखोर समजतात. प्रत्यक्षात नव्या टाकीत तो पहिले काही दिवस दगडाआड दबून राहतो. त्याला मारक्याच्या आधी सोडलं नाही तर उपाशी राहतो.

पूर्णाथडी

शीर्षक मात्र बदला. ‘खारं पाणी’ म्हटलं की अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या माणसाला खारपाणपट्टा आठवतो, पूर्णेच्या खोऱ्यातलं विहिरीचं, बोअरचं पाणी. ‘आमच्या बोअरला तर खारंच पाणी आहे, मग मीठ कशाला विकत घ्यायचं’ असा प्रश्न दुकानात हमखास येणार, आणि तो रास्त आहे.

उत्तर असं. समुद्राच्या पाण्यात किलोमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांचं आपसातलं प्रमाण ठरलेलं असतं: मॅग्नेशियम लिटरमागे १३०० मिलिग्रॅमच्या आसपास, कॅल्शियम ४०० ते ४२०, सामू ८.१ ते ८.४. बोअरच्या खाऱ्या पाण्यात सोडियमचे क्षार असतात, पण हे प्रमाण नसतं आणि वर नायट्रेटही असू शकतं. लोणार सरोवराचं पाणीही खारंच, पण त्याचा सामू दहाच्या आसपास. तीन पाण्यांना आपण एकच शब्द वापरतो. म्हणून पाटीवर ‘समुद्री पाणी’ लिहा. ‘सागरी’ही चालेल, पण बोलण्यात तो येत नाही.

बोअरच्या पाण्यात समुद्री मीठ कालवणं ही त्याहून मोठी चूक. आधीचे क्षार आत तसेच राहतात, वर मिठातले पडतात. मापक ३५ दाखवतो आणि आतलं प्रमाण मात्र बिघडलेलं असतं. पाणी आधी आरओतून आणि मग उरलेसुरले क्षार काढणाऱ्या डीआयोनायझरच्या नळीतून काढायचं, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) शून्य येईपर्यंत. मग लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम समुद्री मीठ. स्वयंपाकाचं आणि जनावरांचं मीठ बाद. साठ लिटर पाणी बदलायचं तर सव्वादोन किलोच्या आसपास मीठ लागतं. पाण्यात मीठ टाकायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही, नाहीतर तळाशी पांढरा साका बसतो. छोटा पंप लावून चोवीस तास फिरवायचं. विशिष्ट गुरुत्व १.०२५ आलं की ते टाकीत घालायचं.

आणखी एक शब्द पक्का करा: भर घालणं आणि पाणी बदलणं वेगळं. उन्हाळ्यात पारा ४५ वर आणि हवा कोरडी. टाकीतून पाणी उडतं, मीठ उडत नाही. सहा-दोन-दोनच्या टाकीत ६८० लिटर बसतात. त्यातलं ३४ लिटर उडालं तर ३५ चं जवळपास ३७ होतं. म्हणून भर नेहमी आरओच्या गोड्या पाण्याची, रोज थोडी थोडी. मिठाचं पाणी फक्त बदलताना. दोन्हीला ‘पाणी टाकणं’ म्हटलं की घरचं दुसरं माणूस भरही मिठाच्याच पाण्याची घालतं.

काचकाम

पूर्णाथडींच्या मुद्द्याला जोड. पाणी २५ ते २७ अंशांवर ठेवायचं तर मे महिन्यात चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, लागतोच. पृष्ठभागावर पंखा लावला तर कोरड्या हवेत पाणी बरंच गार होतं, पण पावसाळ्यात हवा दमट झाली की पंख्याचा तो गुण जातो. आणि गरम समुद्री पाण्यात प्राणवायू कमी मावतो: २५ अंशाला गोड्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम, समुद्री पाण्यात पावणेसात. भारनियमनात सगळ्यात आधी मोठे मासे जातात ते यामुळे. बॅटरीवरचा हवापंप ही चैन समजू नये.

रंगीत दगडांबद्दल दुकानदाराला सांगा: प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षण आहे, त्याचे तुकडे विकू नयेत. सिमेंटचे किंवा भाजलेल्या मातीचे सच्छिद्र दगड वापरावेत. ट्रिगर दगड ढकलतो, म्हणून रचना वाळूवर नाही, थेट तळावर टेकवायची आणि मग वाळू भरायची. हीटर आणि वायर त्याच्या तोंडापासून लपवायची.

बोडीकाठ

आता ‘कम्पॅटिबल’. ‘सुसंगत’ हा संगणकाचा शब्द झालाय. ‘अनुरूप’ लग्नाच्या जाहिरातीतला. आपण रोज म्हणतो तेच म्हणा: खपतो आणि निभतो. ‘त्याला हा खपत नाही’ यात दिशा आहे, आणि माशांत ती लागते. ट्रिगरला लायनफिश खपत नाही, लायनफिशला ट्रिगर खपतो. ‘सुसंगत’मध्ये हा एकतर्फीपणा सांगताच येत नाही. आणि जो मार खाऊनही तगतो, त्याच्यासाठी ‘निभतो’. फॉक्सफेस हे चांगलं उदाहरण: स्वभावानं शांत, पण पाठीचे काटे विषाचे, म्हणून मारक्या टाकीतही सहसा कुणी त्याच्या वाटेला जात नाही.

याच शब्दांनी यादी तपासली की निवड आपोआप होते. क्लाउन ट्रिगर काढा, त्याला मोठेपणी कुणी खपेल याचा भरवसा नाही. डॅम्सेल काढा. पावडर ब्लूला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग लवकर लागतो, पहिल्या टाकीत नको; त्याच्या जागी फॉक्सफेस. लायनफिश आणि ट्रिगर यांतलं एकच, आणि हालचाल हवी असेल तर ट्रिगर. उरले पाच: पिवळा फॉक्सफेस, नारिंगी-निळ्या पट्ट्यांचा टस्क, काळ्या-पांढऱ्या नक्षीची स्नोफ्लेक मोरे, जांभळट निगर, निळा-पिवळा एम्परर. ६८० लिटरला एवढेच पुरेत. एम्परर ४० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, पुढं आठ फुटी टाकी लागेल हे विकतानाच सांगावं.

सोडायचा क्रम पाटीवर आकड्यांत लिहा: १ फॉक्सफेस, २ टस्क, ३ मोरे, ४ एम्परर, ५ निगर. दोन सोडण्यांत तीन-चार आठवडे, तोवर नवा मासा वेगळ्या टाकीत विलगीकरणात. पहिला मासाही टाकी लावल्यावर चार-सहा आठवड्यांनी, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्यावरच. क्रम उलटा केला तर पाचही मासे तेच राहतील आणि टस्क कोपऱ्यात मरेल.

पाटीलेखक

मारका, धुरेकरी, गिळणारा, खपतो, निभतो: पाटीवर हेच येणार. दोन शंका. ‘ट्रिगर’ला ‘घोडामासा’ म्हणू का, बंदुकीचा घोडा या अर्थानं? आणि ‘अ‍ॅक्लिमटाइज’ला, म्हणजे नव्या माशाला टाकीच्या पाण्याची सवय करण्याला, ‘रुळवणं’ ठीक आहे का?

पूर्णाथडी

‘घोडामासा’ नको. लोक समुद्रघोडा समजतील, आणि तो संरक्षित आहे. दुकानाच्या पाटीवर ते नाव नसलेलं बरं. नावामागचं कारण सांगायचं तर असं लिहा: पाठीचा पहिला काटा उभा राहिला की दुसरा काटा त्याला अडकवतो, मासा दगडाच्या फटीत पाचरीगत पक्का बसतो, दुसरा काटा दाबला की पहिला खाली येतो. नाव ‘ट्रिगर’च राहू द्या. तसंच मोरेला ‘वाम’ म्हणू नका. आपल्याकडं वाम म्हणजे नदीतली, खाण्याची. मोरेला वर घट्ट झाकण लागतं, वायरीच्या फटीतूनही ती बाहेर पडते. हे वाम म्हटल्यावर कुणाच्या ध्यानात येत नाही.

‘रुळवणं’ छान आहे, पण त्याखालची कृती जपून लिहा. ‘पिशवी उघडून तासभर थेंब थेंब पाणी सोडा’ हा सल्ला जवळच्या दुकानातून आणलेल्या माशाला ठीक. मुंबई-चेन्नईहून रेल्वेनं आलेला मासा रात्रभर बंद पिशवीत असतो. आत कार्बन डायऑक्साइड साचून सामू उतरलेला असतो, त्यामुळं अमोनियाचा जहालपणा दबलेला असतो. पिशवी उघडली की वायू उडतो, सामू चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो; त्यात मासा तासभर ठेवला तर कल्ले भाजतात. लांबून आलेल्या माशाची पिशवी न उघडता वीस मिनिटं पाण्यावर तरंगवायची, उघडल्याबरोबर क्षार मोजायचे, आणि विलगीकरणाच्या टाकीत आधीच तेवढेच क्षार करून ठेवून मासा लगेच त्यात न्यायचा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. पुरवठादाराला आदल्या दिवशी फोन करून क्षार विचारले की काम सोपं होतं.

काचकाम

एक शब्द राहिला: ‘विषारी’. फॉक्सफेसच्या पाटीवर लागेल, पुढंमागं लायनफिश किंवा पफर आला तर त्यांच्याही. पफर खाल्ला तर विष. फॉक्सफेस आणि लायनफिशचा काटा टोचला तर विष. गावात मासा म्हटलं की खायचाच आधी आठवतो, त्यामुळं नुसतं ‘विषारी’ वाचून लोक खाण्यातलं विष समजतील आणि काचेत हात घालतील. ‘काट्यात विष, हात घालू नये’ असं पूर्ण लिहा. खाली उपायही लिहा: काटा टोचल्यास तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या वर नाही, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा, पाणी आधी न टोचलेल्या हातानं तपासावं, आणि दवाखान्यात जावं. श्वास लागला किंवा चक्कर आली तर पाण्यात वेळ न घालवता थेट दवाखाना.