‘युनियनने कारखाने घालवले’ हे वाक्य मला पटत नाही

पाचपाखाडीकर

रविवारी सोसायटीची सभा संपल्यावर आम्ही काही जण गच्चीवर उभे होतो. समोर टॉवरच टॉवर. एक शेजारी म्हणाले, “इथे तीन पाळ्यांचे भोंगे वाजायचे. युनियनवाल्यांनी सगळं घालवलं. अमेरिकेतल्या मोटारींच्या शहराचं, डेट्रॉइटचंही तेच झालं. पगार वाढवत नेले, मग कंपन्या मेक्सिकोला गेल्या.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

माझे वडील ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत टर्नर होते. युनियन होती, दर तीन वर्षांनी करार व्हायचा, कधी काळ्या फिती लागायच्या, पण संप एकही झाला नाही. तरी कंपनी बंद झाली. मालापेक्षा जमिनीला भाव जास्त आला होता. व्हीआरएसचा, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचा, कागद हातात पडला तेव्हा वडील ४९ वर्षांचे होते. आज तिथे काचेची इमारत आहे. मग आमच्या घरातली नोकरी नेमकी कोणत्या संपाने घालवली?

आता पुण्याजवळचं तळेगाव बघा. जनरल मोटर्सने (जीएम) २०१७ च्या अखेरीस भारतात गाड्या विकणं थांबवलं, पण तळेगावचा कारखाना चालूच ठेवला. तिथली ‘बीट’ मेक्सिकोला निर्यात व्हायची. म्हणजे ज्या मेक्सिकोने अमेरिकन कामगारांच्या नोकऱ्या खाल्ल्या असं आपण म्हणतो, त्याच मेक्सिकोसाठी मावळातली पोरं गाड्या जोडत होती. डिसेंबर २०२० मध्ये तेही थांबलं. चिनी कंपनीला कारखाना विकायचा बेत फसला, कामगार कोर्टाच्या फेऱ्या मारत राहिले, आणि २०२३ मध्ये ह्युंदाईने तो घ्यायचा करार केला. कारखाना बंद करायचा हा निर्णय डेट्रॉइटला, जीएमच्या मुख्यालयात झाला. मजुरी स्वस्त होती, माल ठीक होता. त्यांच्या जगाच्या नकाशात तळेगाव बसलं नाही, एवढंच.

कामगार बिघडलेला असतो म्हणणाऱ्यांनी कॅलिफोर्नियातलं फ्रेमाँट आठवावं. तिथला जीएमचा कारखाना बेशिस्तीसाठी बदनाम होता. १९८२ मध्ये बंद केला. १९८४ मध्ये टोयोटाशी भागीदारी करून पुन्हा उघडला तेव्हा बहुतेक कामगार तेच होते, युनियनही तीच. काही काळातच तिथून जपानी दर्जाच्या गाड्या निघू लागल्या. बदलली होती ती काम करून घेण्याची पद्धत. लाइनवरच्या साध्या माणसाला दोरी ओढून लाइन थांबवायचा अधिकार मिळाला होता.

माझं म्हणणं सरळ आहे. कोणती गाडी कुठे बनवायची हे ज्या खोलीत ठरतं, तिथे कामगार बसलेला नसतो. मग जे त्याने ठरवलंच नाही त्याचा दोष त्याच्या माथी का?

रबाळे_शेड

तुमच्या वडिलांबद्दल पूर्ण आदर ठेवून विरोध करतो.

मीही मालक आहे, पण अकरा मशीन आणि सतरा माणसांचा. रबाळे एमआयडीसीत प्रेस-पार्ट, म्हणजे पत्रा दाबून केलेले सुटे भाग, काढतो. माझा माल एका मोठ्या व्हेंडरकडे (पुरवठादाराकडे) जातो, तिथून गाडीच्या कंपनीत. काही वर्षांपूर्वी त्या मूळ कंपनीत करारावरून बिनसलं. आधी टूल डाउन, म्हणजे आत बसून काम बंद, मग संप. तिसऱ्या दिवशी मला फोन आला, “माल पाठवू नका.” तयार माल शेडमध्ये, पत्र्याचे पैसे देणं बाकी, बँकेचा हप्ता उभा. सव्वा महिना मी पगार उसने घेऊन दिले. तरी जळगावचे दोघे आणि गोरखपूरचे तिघे गावी गेले ते परत आलेच नाहीत.

शेवटी करार झाला. कायम कामगारांना वाढ मिळाली, गेटवर गुलाल उधळला. माझी ऑर्डर मात्र आधीच्या साठ टक्क्यांवर आली, कारण मधल्या काळात कंपनीने दुसऱ्या राज्यात दुसरा सोर्स, म्हणजे माल देणारा, तयार केला होता. एकदा ट्रायल पास झालेला सोर्स कुणी सोडत नाही.

२०२३ मध्ये अमेरिकेत फोर्ड, जीएम आणि स्टेलांटिसमध्ये एकाच वेळी संप झाला तेव्हा तिथल्या युनियनने संपकऱ्याला आठवड्याला ५०० डॉलर दिले. वर्षानुवर्षं वर्गणीतून साठवलेला निधी होता. आपल्याकडे बायकोच्या बांगड्या गहाण पडतात, आणि माझ्या शेडमधल्या पोराला तर तो लढा आपला आहे हेसुद्धा कुणी सांगितलेलं नसतं.

चाकणला २०१३ मध्ये बजाजचा संप ५० दिवस चालला. प्रत्येकाला एक रुपया दराने ५०० शेअर द्या, ही मागणी होती. हाती काय लागलं? बिनशर्त कामावर परत. त्या ५० दिवसांत चाकण-भोसरीच्या शेडमध्ये काय झालं, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

घोडबंदर_८७

रबाळेकर, अगदी बरोबर.

धागाकर्त्यांना एकच विचारतो. होंडाने १९८२ मध्ये ओहायोत गाड्या बनवायला सुरुवात केली, टोयोटाने १९८८ मध्ये केंटकीत. अमेरिकेतच, अमेरिकन मजुरांकडून, पण युनियनशिवाय. हे कारखाने आजही चालू आहेत. म्हणजे काम देशाबाहेर गेलं ते गेलंच, पण देशातल्या देशातही युनियनपासून लांब गेलं. हा योगायोग आहे का? आणि फ्रेमाँटचा शेवट तुम्ही सांगितला नाहीत. २०१० मध्ये तो कारखाना बंद झाला. आज तिथे टेस्ला आहे, युनियन नाही.

२०२३ च्या त्या संपात साडेचार वर्षांत २५ टक्के वाढ मिळाली, टाळ्या वाजल्या. इलिनॉयमधला बेल्विडेरचा बंद कारखाना पुन्हा उघडायचं युनियनने करारात लिहून घेतलं होतं. पुढच्याच वर्षी स्टेलांटिसने ते लांबणीवर टाकलं. कागदावर जिंकलं म्हणजे काम मिळालं असं नसतं. माझ्या मुलाने डिप्लोमा केलाय. त्याला आधी नोकरी हवी. हक्कांचं नंतर बघू.

कळवा_नाका

मी ३१ वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोकरी केली, त्यातली नऊ वर्षं युनियनच्या कमिटीवर होतो. कामगार नेते डॉक्टर दत्ता सामंतांच्या सभा ऐकल्यात. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी अॅप्रेंटिस होतो. सुमारे अडीच लाख माणसं बाहेर पडली आणि तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. माझा मामा त्यातला. घोडबंदरकर, त्या संपाची चूक मी झाकणार नाही. परतीचा रस्ता न ठेवता माणसं बाहेर काढली. पण गिरण्यांचं बिल मोटारीच्या कारखान्यांवर फाडू नका.

कुर्ल्याच्या प्रीमिअर या मोटार कंपनीचं उदाहरण लोक नेहमी देतात. तिथे डॉक्टर सामंतांची युनियन होती, भांडणंही झाली, खरं आहे. पण त्यांची पद्मिनी ही मुळात साठच्या दशकातली फियाट. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि लोकांना कळलं की गाडी रोज सकाळी सुरू होते. त्यानंतरही वर्षानुवर्षं थोडाफार फेरफार करून तेच मॉडेल काढत राहायचं, हे कुठल्या गेट मीटिंगमध्ये ठरलं होतं? इकडे कल्याणला पूझो ही फ्रेंच कंपनी आली तीही युरोपात उतरणीला लागलेली ३०९ ही गाडी घेऊन, आणि १९९७ मध्ये परत गेली. तिथे कामगारांचा तंटा होता हे मान्य. पण नुसत्या तंट्याने एवढी मोठी कंपनी जात नाही. गाडीला गिऱ्हाईक लागतं.

“हक्कांचं नंतर बघू” याबद्दल. तुमच्या मुलाला नोकरी मिळेल, पण ट्रेनी म्हणून. नंतर कंत्राटी. सात महिन्यांनी ब्रेक. शेजारचा कायम कामगार जे नट आवळतो तेच तोही आवळेल, निम्म्याहून कमी पगारात. आमच्या पिढीची मोठी चूक इथे झाली. आम्ही कायम कामगारांचे करार करत राहिलो आणि कंत्राटी पोरांना युनियनचं सभासद करून घेतलं नाही. अमेरिकेतल्या युनियननेही २००७ मध्ये नव्या भरतीला जवळपास निम्मा पगार मान्य केला होता. ते भोक बुजवायला त्यांना २०२३ उजाडलं.

ऐरोली_तिसरा_मजला

मी ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये एका युरोपियन गाडीच्या दरवाज्याचं डिझाइन करते. वायरिंग, रेग्युलेटर, सील. हे काम आधी जर्मनीत व्हायचं. तिथल्या माणसाचं काम स्वस्तात घेणारी ती ‘परदेशी’ म्हणजे मी, हे आधीच सांगते.

डिसेंबर २०२४ मध्ये फोक्सवॅगन आणि तिथल्या युनियनचा समझोता झाला. २०३० पर्यंत ३५ हजारांहून जास्त नोकऱ्या कमी होणार, पण लगेच कुठला कारखाना बंद नाही आणि सक्तीने कुणाला काढणार नाही. आधी लाखभर कामगार काही तास काम थांबवून बाहेर आले होते. पाचपाखाडीकर, तुम्ही म्हणता ती खोली तिथे आहे. १९७६ च्या कायद्याने दोन हजारांहून जास्त कामगार असलेल्या कंपनीच्या देखरेख मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या असतात. तरी नोकऱ्या गेल्याच. फक्त कशा जातील यावर त्यांना बोलता आलं.

गेल्या वर्षी आमच्याकडचा एक प्रोजेक्ट थांबला. चौदा जणांना एकेक करून मीटिंग रूममध्ये बोलावलं आणि राजीनामा टाइप करायला सांगितला. वीस मिनिटांत लॅपटॉप जमा. माझ्या शेजारची मुलगी सहा महिन्यांची गरोदर होती. आमच्यात कुणालाही काय बोलायचं ते माहीत नव्हतं, कारण असं बोलायची सवयच नाही. ‘युनियन’ हा शब्द आम्हाला आमच्यासाठी वाटतच नाही. त्या दिवशी वाटला.

घोडबंदर_८७

ताई, वाईट वाटलं वाचून. तरीही म्हणतो, युनियन असती तर तो प्रोजेक्ट ऐरोलीत आलाच नसता.

ऐरोली_तिसरा_मजला

कदाचित. पण ज्या जर्मनीतून तो आला, तिथे युनियन असूनही गाड्या बनतातच आहेत.

पाचपाखाडीकर

रबाळेकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी कामगार म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त गेटच्या आतला माणूस होता, तुमची सतरा माणसं नव्हती. ही चूक माझी.

पण एक विचारतो. लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचा कायदा २००६ पासून आहे. तुमचं बिल वेळेवर मिळालं असतं तर तो सव्वा महिना इतका जड गेला असता का? संप नसताना तुमचे पैसे किती दिवसांनी येतात?

रबाळे_शेड

९० दिवस. कधी १२०. कायदा मला पाठ आहे. तक्रार करता येते, पोर्टलही आहे. तक्रार केली की पुढच्या महिन्याचं शेड्यूल, म्हणजे ऑर्डर, निम्मं होतं. कुणी काही बोलत नाही, फक्त आकडा कमी होतो. पण म्हणून संपाने केलेलं नुकसान माफ होत नाही. दोन्हीकडून मार मलाच.

नव्या औद्योगिक संबंध संहितेत संपाआधी १४ दिवसांची नोटीस द्यायची आहे. युनियनवाले त्यावर चिडलेत, ते मी समजू शकतो. माझ्यासाठी मात्र ते १४ दिवस फार मोठे आहेत. तेवढ्यात पत्रा मागवणं थांबवता येतं, पोरांना दुसरं जॉब-वर्क बघता येतं. पण ती नोटीस कंपनीला मिळते. मला संप झाल्यावर कळतं. कळवा नाका, तुम्ही कमिटीवर होता. तुमच्या मागणीपत्राची किंवा नोटिशीची प्रत कधी एखाद्या व्हेंडरला पाठवली होती का?

कळवा_नाका

नाही. नऊ वर्षांत एकदाही नाही. आमच्या गेटवर रोज बावीस-तेवीस टेम्पो माल घेऊन यायचे, ड्रायव्हर नावाने ओळखीचे होते, आमच्याच कँटीनमध्ये चहा प्यायचे. टेम्पो आत सोडायचे नाहीत हे आम्ही ठरवायचो. ते टेम्पो येतात कुठल्या शेडमधून, हे एकदाही विचारलं नाही.