नाताळच्या कार्यक्रमासाठी गाणी कोणती निवडावीत?

प्रेषक: सांस्कृतिक समितीची संयोजक
प्रति: सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

डिसेंबरच्या तिसऱ्या शनिवारी शेजारच्या चर्चमधील गायकवृंदाबरोबर आपल्या मंडळाचा नाताळच्या गाण्यांचा कार्यक्रम ठरला आहे, हे आपणांस ठाऊक आहेच. मुलांनी ‘सायलेंट नाइट’ आणि ‘जिंगल बेल्स’ या दोन गाण्यांचे मराठीत भाषांतर करून तालमी सुरू केल्या आहेत. मुलांनी मनापासून कष्ट घेतले असले, तरी शब्द चालीवर बसत नाहीत आणि गाताना मराठी ओळखू येत नाही, असे तालमीला बसलेल्या आजी-आजोबांचे म्हणणे पडले. कोल्हापूरला परतलेले आपले संगीत शिक्षक काका आजही मंडळाच्या या पत्रव्यवहाराच्या यादीवर आहेत. त्यांनी याविषयी मार्गदर्शन करावे, अशी समितीची विनंती आहे.

---

प्रेषक: काका, कोल्हापूर
प्रति: सर्व सभासद

स. न. वि. वि.

पाठवलेले भाषांतर मी पेटीवर बसवून पाहिले. दोष मुलांचा नाही. इंग्रजी किंवा जर्मन गाण्यात शब्दातील आघाताचे अक्षर तालाच्या ठोक्यावर येते आणि तेवढ्यावर काम भागते, परंतु मराठी कानाला ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब लागतो. ‘शिशु’ या शब्दातील दोन्ही अक्षरे ऱ्हस्व आहेत आणि चाल त्यांना तीन-तीन मात्रा ताणायला लावते, त्यामुळे शब्द शब्दच राहत नाही. म्हणून प्रथम या गाण्यांचा मूळ स्वभाव पाहावा आणि मगच काय गायचे ते ठरवावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

‘सायलेंट नाइट’चे मूळ शब्द योसेफ मोर या तरुण पाद्रीने १८१६ मध्ये जर्मन भाषेत लिहिले. २४ डिसेंबर १८१८ रोजी त्याने ते शेजारच्या गावातील शिक्षक फ्रांत्स क्साव्हर ग्रूबर यांच्याकडे नेले आणि त्याच रात्री ऑस्ट्रियातील साल्झबुर्गजवळील ओबर्नडॉर्फ येथील चर्चमध्ये दोघांनी ते गिटारच्या साथीवर गायले. ऑर्गन उंदरांनी कुरतडल्यामुळे गिटार घ्यावी लागली, ही गोष्ट मागाहून जोडली गेलेली आहे. मला महत्त्वाची वाटते ती त्याची लय. हे गाणे सहा मात्रांच्या झोक्यावर चालते, म्हणजे आपल्या दादऱ्याच्या अगदी जवळचे आहे, आणि भावाने ती निखळ अंगाई आहे. मुलांनी ते मूळ जर्मनमध्ये गावे, साथीला तबल्यावर अतिशय हलका दादरा ठेवावा आणि त्याला लागूनच आपल्याकडची एखादी पाळण्याची ओवी म्हणावी. दोन अंगाया शेजारी शेजारी आल्या, की भाषांतराची गरजच उरणार नाही.

‘जिंगल बेल्स’ मात्र कार्यक्रमातून वगळावे. जेम्स पिअरपॉन्ट यांनी १८५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्या गाण्यात बर्फावरून घोड्याची घसरगाडी पळवण्याची मौज आहे, पण नाताळचा उल्लेखही नाही.

आता ज्याविषयी मला सर्वांत अधिक लिहायचे आहे, त्याकडे येतो. पूर्व युरोपातील नाताळचे गाणे चर्चपेक्षा घराच्या उंबऱ्यावर जास्त वाढले. पोलंड, युक्रेन, रुमानिया या देशांत हिवाळ्याच्या त्या दिवसांत गाणाऱ्यांच्या टोळ्या घरोघर जातात, यजमानाच्या घराला, गुराढोरांना आणि शेताला बरकत चिंतितात आणि त्या बदल्यात खाऊ किंवा पैसे स्वीकारतात. रुमानिया व मोल्दोवा येथील पुरुषांच्या अशा गायनाला युनेस्कोने २०१३ मध्ये मानवी वारशाच्या यादीत स्थान दिले. ‘कॅरल ऑफ द बेल्स’ म्हणून जे गाणे अमेरिकेत दुकानादुकानांतून वाजते, ते मूळचे याच घराण्यातील आहे. युक्रेनी संगीतकार मिकोला लेओन्तोविच यांनी जुन्या युक्रेनी लोकगीतावरून वृंदगायनासाठी रचलेली ही कृती १९१६ मध्ये कीव्ह येथे प्रथम गायली गेली. तिच्यात घंटा नाहीत. एक पाकोळी अंगणात येऊन घरधन्याला हाक मारते आणि गोठ्यात कोकरे जन्मली आहेत, येणारे वर्ष भरभराटीचे आहे, असे सांगते. घंटांचे इंग्रजी शब्द पीटर विल्हाउस्की यांनी १९३६ मध्ये घातले. ही पाकोळीची कथा प्रथम वाचली तेव्हा मला आमच्या गल्लीत पहाटे येणारा वासुदेव आठवला. मोरपिसांची टोपी घालून, चिपळ्या वाजवत तोही दारात उभा राहून दान मागतो आणि घराचे भले चिंतितो. दोघांनाही देवाइतकीच घरधन्याच्या सुगीची काळजी आहे.

पहाटेचे गाणेही असेच दूरदूर आढळते. फिलिपिन्समध्ये १६ ते २४ डिसेंबर असे नऊ दिवस लोक अंधारातच प्रार्थनेला आणि गायनाला जमतात. वेल्समध्ये ‘प्लिगेन’ नावाचे गायन पूर्वी नाताळच्या पहाटे होई. तेथे एकेका घरातील माणसे वाद्याशिवाय पुढे येऊन आपापली राखलेली गाणी म्हणतात. अंबाबाईच्या काकड आरतीला थंडीत गेलेल्या कोल्हापूरकराला याचे मर्म निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

इथिओपियाविषयी थोडे लिहिल्याशिवाय राहवत नाही. तेथे नाताळ ७ जानेवारीला येतो. गायक पांढऱ्या वस्त्रांत समोरासमोर दोन रांगांत उभे राहतात, एका हातात लांब काठी आणि दुसऱ्या हातात खुळखुळणारे धातूचे वाद्य घेऊन मोठ्या ढोलांच्या ठेक्यावर संथपणे झुलतात आणि हळूहळू लय चढवत नेतात. ही परंपरा ते सहाव्या शतकातील संत यारेद यांच्याकडून आल्याचे मानतात. दिंडीत टाळकरी दोन रांगांत समोरासमोर पावली खेळताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी याचे चित्रीकरण मुलांना अवश्य दाखवावे.

राहिला प्रश्न मराठीचा. भाषांतर करण्याची आपल्याला गरजच नाही, कारण मराठीत हे काम ४०० वर्षांपूर्वी झालेले आहे. थॉमस स्टीफन्स या जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघातील, इंग्रज पाद्रीने गोव्यात राहून ख्रिस्ताची कथा सुमारे ११,००० ओव्यांत रचली आणि हे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. नव्या ख्रिस्ती झालेल्यांना आपल्या जुन्या पुराणांच्या जागी काहीतरी हवे होते, ही त्यामागची निकड होती. स्टीफन्सने आपल्या देशाची चाल इकडे आणली नाही, इथली ओवी उचलली. त्यातील जन्मकथेच्या १०-१२ ओव्या मुलांनी साध्या ओवीच्या चालीत म्हणाव्यात, असा माझा आग्रह आहे.

आपला,
काका

---

प्रेषक: एक सभासद, मूळ गाव कोल्हापूर
प्रति: सर्व सभासद

नमस्कार.

काकांचे पत्र वाचून भरून आले. मी कोल्हापूरच्या ख्रिस्ती कुटुंबात वाढले. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये आमच्या गावी आले, तेव्हापासूनच्या मंडळीत आमच्या घराण्याचे मूळ आहे. काकांच्या म्हणण्यात मला एवढीच भर घालायची आहे, की ओवीच्या बरोबरीने रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भक्तिगीते घ्यावीत. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या या कवीने आपली भक्ती अभंगांतून आणि भजनांतून गायली, आणि आजही मराठी चर्चमध्ये ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक उघडले की त्यांची पदे समोर येतात. ‘ख्रिस्तपुराण’ आम्ही मोठेपणी वाचले, टिळक मात्र आजीच्या तोंडून ऐकतच लहानाचे मोठे झालो.

वासुदेवाची तुलना तर मला फारच पटली, कारण आमच्याकडेही गाणे दारोदारच होत असे. कामट्या आणि पतंगाचा कागद यांची चांदणी उंच काठीला बांधून, ढोलकी, झांजा आणि गळ्यात अडकवलेली पेटी घेऊन आम्ही रात्री उशिरापर्यंत घरोघर फिरत असू. प्रत्येक घरी दोन पदे म्हणायची, प्रार्थना करायची आणि चहा-करंजी घेऊन पुढे निघायचे, असा क्रम असे. शेजारच्या हिंदू घरांतील आजी आमच्यासाठी जाग्या राहत आणि टिळकांचे पद लागले की आतून टाळ घेऊन येत. मुलांनी सभागृहाच्या मंचावर उभे राहून गाण्याऐवजी आधी आपल्या सभासदांच्या चार घरी जाऊन गावे, म्हणजे ही गाणी कशासाठी आहेत ते त्यांना आपोआप समजेल.

---

प्रेषक: सांस्कृतिक समितीची संयोजक
प्रति: सर्व सभासद

दोघांचे मनःपूर्वक आभार. समितीने भाषांतरे बाजूला ठेवली आहेत. आरंभी ‘ख्रिस्तपुराणा’तील ओव्या, त्यानंतर जर्मन अंगाई आणि तिला जोडून पाळण्याची ओवी, पुढे चर्चच्या गायकवृंदाचे पाकोळीचे युक्रेनी गाणे आणि शेवटी सर्वांनी मिळून टिळकांचे एक पद, असा क्रम ठरला आहे. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी मुले चार घरी गायला जातील. ज्यांच्या घरी यावे असे वाटते, त्यांनी बुधवारपर्यंत कळवावे. ढोलकी आपल्याकडे आहे, झांजांचे दोन जोड मात्र कमी पडत आहेत. ज्यांच्याकडे असतील, त्यांनी ते रविवारच्या तालमीला घेऊन यावे.