मदत हवी आहे: हायकूत अक्षरं मोजायची की उच्चार?

वसंतावर ५-७-५ चे हायकू (तीन ओळींची जपानी धाटणीची कविता, ओळींत अनुक्रमे ५, ७, ५ ची मोजणी) लिहितोय, पण मोजणीतच अडकलोय. हे बघा:

सुक्या फांदीला
फुटते लाल पान
वारा थांबला

अक्षरं बरोबर ५-७-५ भरतात (जोडाक्षर एकच धरलंय, अनुस्वार वेगळा मोजलेला नाही). पण मोठ्याने वाचलं की मधली ओळ 'फुट्-ते-लाल्-पान्' अशी चार ठोक्यांतच संपते. जी लांब असायला हवी, तीच तोकडी! जपानीत दीर्घ स्वराचे दोन मोजतात, म्हणून लघु-गुरू मात्राही लावून पाहिल्या. तिन्ही ओळी जवळपास सारख्याच झाल्या. 'गं', 'बाई' घालून ओळ फुगवायची नाही. यमक नको, आणि कृपया 'मुक्त लिहा' हा सल्लाही नको.

नियमित हायकू लिहिणारे, 'पान'च्या शेवटचा, उच्चारला न जाणारा 'अ' तुम्ही मोजता का?