व्यंगचित्रं, वाद आणि आपण : पुण्यातले अनुभव

पैगंबरांवरच्या व्यंगचित्रांचा वाद पेटला की टीव्हीवर मौलाना आणि प्रवक्ते भांडतात. आपल्या गल्लीत, ऑफिसात, कोर्टात काय घडतं ते कुणी विचारत नाही. तुमच्यावर गुदरलेलं, तुम्ही पाहिलेलं लिहा. मुसलमान असाल तर लिहाच, नसाल तरी लिहा. सुरुवात मी करते.

अब्बांचं भवानी पेठेत बाइंडिंगचं दुकान होतं. कुराण शरीफ शिवायला आलं की वुजू, म्हणजे नमाजाआधी करतात तसे हात-तोंड-पाय धुऊनच हात लावायचे. ज्ञानेश्वरी आली तर हातपाय धुऊन, पाटावर ठेवून काम करायचे. डेन्मार्कच्या 'युलांड्स-पोस्टेन' या दैनिकानं ३० सप्टेंबर २००५ ला पैगंबरांवरची ती १२ चित्रं छापली. आमच्यापर्यंत झळ पोचली २००६ च्या फेब्रुवारीत. अब्बांनी चित्रं पाहिली नव्हती, पाहायचीही नव्हती, तरी दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. मोर्च्याचं बोलावणं आलं तर म्हणाले, "घोषणा देऊन काय सांगू? मला लिहायचंय." खळीच्या डब्याशेजारी बसून, तीनदा खोडून, मराठीत पत्र लिहिलं: आम्ही पैगंबरांचं नाव घेतलं की लगेच दरूद, म्हणजे त्यांच्यासाठीची दुआ म्हणतो, आईवडिलांच्या आधी त्यांना मानतो, चित्र काढणाऱ्याला मारा असं मी म्हणत नाही, पण मला दुखलं एवढं तरी ऐका. पेपरात पत्र आलं, तेव्हा 'मारा असं म्हणत नाही' एवढं राहिलं होतं. दरूदचं आणि दुखल्याचं वाक्य गेलं होतं. अब्बांना त्याचंच जास्त लागलं. मला अजून लागतं.

हडपसरहून :
२ जून २०१४. फेसबुकवर शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रं कुणीतरी टाकली होती. आमच्या भागात नमाजहून परतणाऱ्या एका तरुण इंजिनियरला जमावानं मारून टाकलं. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. त्या रात्री अम्मीनं माझ्या भावाला दाढी काढायला लावली. लाइट गेले होते, मोबाइलचा उजेड तीच धरून उभी होती.

मग ७ जानेवारी २०१५ ला पॅरिसमध्ये पैगंबरांची व्यंगचित्रं छापणाऱ्या 'शार्ली एब्दो' या साप्ताहिकावर हल्ला झाला, १२ जण गेले. त्या आठवड्यात डबा खाताना एक सहकारी म्हणाला, "तुमच्यातले लोक बोलत का नाहीत?" मला निषेध करायला अडचण नव्हती. बातमी पाहून मी रडले होते. मारलेल्यांत अहमद मेराबे नावाचा पोलीसही होता. पण जूनमध्ये त्याच टेबलावर मी कुणालाच विचारलं नव्हतं की तुमच्यातले लोक बोलत का नाहीत.

कोंढव्यातून :
वरचं दोन्ही पटलं. तरी घरातलं बोलतो. समाजसुधारक हमीद दलवाईंनी २२ मार्च १९७० ला याच शहरात मुस्लिम समाजातल्या सुधारणांसाठी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, मी तरुणपणी त्याच वाऱ्यात वाढलो. २०१५ मध्ये मुंबईत उर्दू संपादक शिरीन दळवी यांनी 'शार्ली'चं पैगंबरांचं चित्र असलेलं मुखपृष्ठ बातमीसोबत छापलं. दुसऱ्याच दिवशी माफी मागितली, तरी गुन्हे दाखल झाले, अटक झाली, त्यांच्या पेपरची मुंबई आवृत्ती बंद पडली. त्यांच्या बाजूनं चार ओळींचं पत्रक लिहून मी सह्या मागत फिरलो. चहा सगळ्यांनी पाजला, "भाईजान, बात सही है" असंही म्हणाले. सह्या तीन मिळाल्या.

शिवाजीनगर कोर्टातून :
मी वकील, हिंदू. भावना दुखावल्या म्हणून येणाऱ्या प्रकरणांत बहुतेक वेळा जुन्या भारतीय दंड संहितेचं २९५-अ कलम असतं. आता भारतीय न्याय संहितेत ते २९९ झालं. हे कलम १९२७ चं. लाहोरात पैगंबरांवर निघालेल्या एका पुस्तिकेचा प्रकाशक सुटला, त्यानंतर ते आलं. नुसतं दुखून भागत नाही, जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं केलं हे सिद्ध व्हावं लागतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. स्टेटस ठेवणाऱ्या पोरांना हे कुणी सांगत नाही.

माझा अशील १९ वर्षांचा. तसलं चित्र स्टेटसला ठेवलं, फिर्याद वर्गमित्रानंच दिली. बाहेरच्या बाकावर दोघं दोन टोकांना बसतात. एकदा फिर्यादी मुलगा मला म्हणाला, "मॅडम, मला त्याला आत नव्हतं टाकायचं. सॉरी म्हणायला हवं होतं त्यानं. तो म्हणाला नाही, मग मी कुठं जाणार होतो?" पुढच्या महिन्यात दोघांची परीक्षा आहे, आणि तारीखही.