शब्दचर्चा : 'बेरी'ला मराठीत काय लिहायचं?

ओसरी
एका आहारपत्रिकेचा अनुवाद करतेय. अंगणवाडीतल्या मुलांच्या पालकांना वाटायची आहे. मुद्दा साधा आहे : आपल्या भागात पिकणाऱ्या बेरी, म्हणजे स्ट्रॉबेरीसारखी छोटी रसाळ फळं, घरातल्या सगळ्यांच्या खाण्यात असाव्यात. आधीच्या मसुद्यात शीर्षक होतं 'कुटुंबासाठी स्थानिक बेरीज'. वाचणाऱ्याला गणिताचा तास आठवेल! एकवचन घेऊन 'रोज मूठभर बेरी द्या' असं केलं, तर सासूबाईंनी विचारलं, "मूठभर बेरी निघण्याइतकं तूप रोज कोण कढवतं?" त्यांचं बरोबरच आहे, आमच्याकडे बेरी म्हणजे तुपाच्या भांड्याच्या तळाशी उरते ती, साखर घालून खायची. नेमका शब्द सुचवा.

कोशाळू
शब्द तयार आहे : मृदुफळ. विश्वकोशात हाच वापरलाय. आपण आपले शब्द वापरत नाही आणि मग मराठीत शब्दच नाहीत म्हणून गळा काढतो.

डोंगरवाट
मृदुफळ वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात ठीक. त्या व्याख्येने केळं, टोमॅटो, वांगं ही सगळी मृदुफळं, आणि स्ट्रॉबेरी मात्र नाही, कारण तिचा गर फुलाच्या देठाकडच्या भागाचा असतो आणि खरी फळं म्हणजे वरचे ते बारीक दाणे. पत्रिका वाचून कुणी मुलाला वांगं दिलं तर शास्त्राने चूक नाही. सरळ 'रानमेवा' लिहा. करवंदं, जांभळं, तोरणं, आळू, सगळं त्यात येतं.

परसबाग
रानमेवा रानातला. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी वाफे करून, प्लास्टिक अंथरून लावतात, २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. तिला रानमेवा कसं म्हणणार? मूळ मजकुरात 'पिकणाऱ्या' आहे.

बोरूबहाद्दर
माझं ठाम मत : बेरी आणि बोर एकच. संस्कृत 'बदर'चं बोर झालं, तेच पश्चिमेकडे जाऊन बेरी झालं. 'बोरवर्गीय फळे' लिहा, मूळ शब्द घरी परत येईल.

कोशाळू
ध्वनी जुळला की नातं जुळत नाही. बदर–बोर हे प्राकृतातून आलेलं, मान्य. बेरी इंग्रजी-जर्मन भाषांच्या जर्मानिक कुळातला शब्द आहे, त्याच्या जुन्या रूपांत 'स' होता, त्याचा पुढे 'र' झाला. त्यात 'बदर'मधला 'द' कुठे बसवणार? आणि बोर हे अश्मगर्भी फळ, आत टणक कवच. बोरवर्गात जांभूळसुद्धा बसत नाही.

बोरूबहाद्दर
संक्रांतीला पोरांच्या डोक्यावर बोरं ओततात, तेव्हा अश्मगर्भी म्हणून कुणी ओतत नाही. लोकांच्या तोंडात आहे ते चालवा.

खलाटी
लोकांच्या तोंडात 'बेरी' पण आहेच की. स्ट्रॉबेरीला कुणी पर्याय शोधला? 'स्ट्रॉबेऱ्या' सगळे म्हणतात, मग 'बेऱ्या' म्हणायला काय हरकत? गाडी–गाड्या, बेरी–बेऱ्या. निदान बेरीज तरी टळेल.

ओसरी
'बेऱ्या' उच्चारायला बरं आहे, पण ज्या आईने शब्द ऐकलाच नाही तिला त्यातून काय कळणार? तिच्या दारात मे महिन्यात करवंदांची पाटी येते. ती करवंदं 'बेरी' आहेत हे तिला कळलं नाही तर ती महागडं फळ शोधत बसेल, किंवा पत्रिका बाजूला ठेवेल. याच भीतीने विचारतेय.

परसबाग
मग नावं लिहा. हिवाळ्यात बोरं, आवळे, स्ट्रॉबेरी. उन्हाळ्यात करवंदं, तुती. पावसाच्या तोंडावर जांभळं. आणि आवळ्याचं व्हिटॅमिन सी स्ट्रॉबेरीच्या कितीतरी पट असतं, हेही घाला.

कोशाळू
आवळा घालताना जपून. इंग्रजीत आवळ्याच्या नावाला बेरी चिकटवलीय, म्हणून तो बेरी होत नाही. त्याच्याही आत कवच आहे.

ओसरी
नावांची यादी पटतेय, पण शीर्षकाला एक शब्द लागेलच. तोवर दुसरं वाक्य बघा : 'पाच वर्षांखालच्या मुलांना आठळी काढूनच द्या, घशात अडकते.' हे ठीक?

खलाटी
आठळी?! आठळी फणसाची. बोराची बी.

डोंगरवाट
आमच्याकडे बोराची आठळीच. बी पेरतात ती.

खलाटी
आठळ्या उकडून मीठ लावून खातो आम्ही, भाजीत घालतो. बोराचं ते टणक कोण उकडतं? आंब्याचा बाठा, चिंचेचा चिंचोका, काजूची बी, फणसाची आठळी. प्रत्येकाला आपला शब्द आहे, तो सांभाळा.

परसबाग
आंब्याची कोय म्हणा, बाठा कसला!

कोशाळू
आठळीच्या मागे 'अस्थि' आहे. पाली भाषेत 'अट्ठि' म्हणजे हाड आणि फळातली कोयसुद्धा. तेव्हा जे हाडासारखं टणक ते आठळी, म्हणजे बोराचा हक्क फणसाच्या आधी.

खलाटी
पालीत काय होतं ते पालीत. आमच्या आजीने बोराला कधी आठळी म्हटलं नाही.

ओसरी
मंडळी, शीर्षक राहिलंय. पत्रिका छापायला जायची आहे.

बोरूबहाद्दर
खलाटी, बोराची आठळी दगडावर फोडून आतला चपटा दाणा खाल्ला नाहीत का कधी? तो दाणा म्हणजे बी, बाहेरचं कवच म्हणजे आठळी. एकाच बोरात दोन्ही शब्द लागतात.

डोंगरवाट
हे पटलं. पण मग जांभळाचं काय? त्याला कवच नाही, तरी आमच्या गावी त्यालाही आठळीच म्हणतात.