कोकमाच्या सरबताला नैसर्गिक रंग लावला, तर लेबलवर लिहायचे कशाला?

रातांबा (कुडाळ)
आमच्या बचतगटाच्या अमृत कोकमाच्या बाटल्या दिवाळीत एका दुकानदाराने परत पाठवल्या, कारण मे महिन्यात माणकासारखा असलेला त्यांचा रंग तोवर विटकरी झाला होता. कोकमाचा रंग उजेडाने आणि उष्णतेने उतरतोच, हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार? आता एक विक्रेता ‘नैसर्गिक लाल’ पावडर देऊ करतो आहे. रंग झाडापानांतून, फळांतून आलेला असेल, तर त्याला रसायनांच्या पंगतीत बसवून छोट्या उत्पादकांना छळू नये, असे माझे मत आहे.

खारवी
ताई, पावडर नेमकी कशाची, हे त्याने सांगितले का? किरमिजी हा आपला शब्दच मुळी किड्यावरून आला आहे. कारमाइन हा लाल रंगही कोचिनियल किड्यांपासून काढतात, तो नैसर्गिकच आहे आणि काही जणांना त्याची तीव्र ॲलर्जी होते. म्हणूनच अमेरिकेत 2011 पासून त्याचे नाव लेबलवर छापावे लागते. संकष्टीला तुमचे सरबत पिणाऱ्याला हे कळायला नको? हळदीतल्या कर्क्युमिनलाही शरीराच्या वजनाच्या किलोमागे रोज 3 मिलिग्रॅम ही मर्यादा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने घातली आहे, म्हणजे 50 किलोच्या माणसाला 150 मिलिग्रॅम. आमटीतली चिमूटभर हळद वेगळी आणि तिच्यातून काढलेला शुद्ध रंग वेगळा.

रातांबा
किड्याचा मुद्दा मान्य, पावडर घेणार नाही. पण रातांब्याच्या सालीचाच दाट रस आम्ही पुन्हा त्यातच घातला, तर? आमसुलाला आम्ही पिढ्यानपिढ्या त्याच रसाची पुटे देत आलो आहोत. त्यालाही ‘रंग घातला’ म्हणायचे असेल, तर नियम करणाऱ्याने कधी आमसूल वाळत घातलेले नाही.

खारवी
माझ्या मते तो रस घटकच आहे, रंग नव्हे. सालीतून फक्त रंगद्रव्य वेगळे काढून घातले, तरच त्याला रंग म्हणावे. बाकी बशीत चमचाभर सरबत घेऊन त्यात खाण्याचा सोडा टाकून पाहा. कोकमाचा लाल रंग निळसर, मळकट होतो. कृत्रिम लाल सहसा तसाच राहतो.

माडाची सावली
बशीतला सोडा पुरावा म्हणून कोणी मानणार नाही, आणि दर घाण्याला प्रयोगशाळेची फी गटातल्या बायकांनी कुठून भरायची? लेबल जरूर लावा, पण तपासणीचा खर्च पावडर विकणाऱ्यावर टाका.